पाहुणे गेले की बरी होते

आमच्या घरात माझ्याबद्दल एक वाक्य ठरून गेलं होतं. 'पाहुणे गेले की ही बरी होते.' सासूबाई ते नातेवाइकांसमोर म्हणायच्या, माझा नवरा प्रशांत हसून मान डोलवायचा आणि मी चहाचे कप उचलून आत जायचे.

वाक्य खोटं नव्हतं. पाहुणे गेले की मी खरोखरच बरी व्हायचे. घरच्यांनी पाहिलं ते बरोबर होतं, लावलेलं कारण चुकीचं होतं. कारण कळायला लग्नानंतरची बरीच वर्षं गेली आणि त्यातल्या शेवटच्या वर्षी मी मरता मरता वाचले.

जबलपूरच्या एका हिंदी दैनिकात मी पुरवणी विभागात काम करते. दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढणं हा माझा व्यवसाय आहे. हा मजकूर मात्र मराठीत लिहिते आहे. जी चूक सांगायची आहे ती मराठी घरातली आहे, आणि ज्या बायकांनी ती ओळखावी असं वाटतं त्यांना देवघराखालचा एक खण मराठीतच आठवेल.

ते दिवस

आजाराचं नाव प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर. डॉक्टर पीएमडीडी म्हणतात. पाळी येण्याआधीचा आठवडा, कधी त्याहून थोडे जास्त दिवस, मन आणि शरीर दोन्ही ताब्यातून जातात. पाळी सुरू झाली की दोन-तीन दिवसांत सगळं ओसरतं. पाळीआधीची चिडचिड पुष्कळ बायकांना होते. हे तेवढंच नाही.

माझ्यापुरतं सांगते. आधी आवाज वाढायचे. ताटात पडणारा चमचा, शेजारच्या स्कूटरचा हॉर्न, प्रशांतचं खाकरणं, सगळं कानाच्या आत घडतंय असं वाटायचं. मग ऑफिसमध्ये एकच परिच्छेद पुन्हापुन्हा वाचायचे आणि अर्थ लागायचा नाही. त्यानंतर राग यायचा. पाण्याची बाटली शाळेत विसरली म्हणून मी माझ्या मुलीला, इराला, ज्या शब्दांत बोलले ते इथे लिहीत नाही. रागामागून खात्री यायची, की मी नसेन तर या तिघांचं बरं चालेल. ते दुःख नव्हतं. एखादी तपासून घेतलेली माहिती असावी तशी ती खात्री थंड असायची.

मग पाळी यायची. शेजारचा मिक्सर बंद झाला की तो इतका वेळ चालू होता हे कळतं, तसं डोकं अचानक शांत व्हायचं. खिडकीबाहेर आमची नेहमीची अधारताल वस्ती दिसायची, भाजीची गाडी, केबलची जाळी, समोरच्या गच्चीवरच्या चादरी. मला भूक लागायची. आणि गेल्या आठवड्यात मी काय काय बोलले, हे आठवायला लागायचं.

बऱ्या दिवसांत मी डॉक्टरकडे जायचे नाही, कारण मी बरी असायचे. वाईट दिवसांत जायचे नाही, कारण उठून दारापर्यंत जाववत नसे. एकदा गेले. रक्ताच्या सगळ्या तपासण्या ठीक निघाल्या. 'सब नॉर्मल है, टेंशन मत लिया कीजिए,' असं सांगून त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. नागपूरला आईला फोन केला, तर ती म्हणाली, "सगळ्यांनाच होतं गं. आम्ही काय बोंबलत बसलो का?" तिचं माझ्यावर प्रेम आहे. त्यानंतर मी तिला विचारलं नाही.

उधर मत जाना

इराला मराठी समजतं, पण ती उत्तर हिंदीत देते. तिच्या पिढीची जबलपुरातली बहुतेक मराठी मुलं तशीच आहेत. ती लहान असताना प्रशांतने तिला एक नियम शिकवला. मी आतल्या खोलीत दार लोटून पडलेली असले की तो हलक्या आवाजात म्हणायचा, "मम्मा का मूड खराब है. उधर मत जाना."

प्रशांत शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो. शांत माणूस आहे. आवाज चढवत नाही, दार आपटत नाही. मुलीला माझ्यापासून वाचवणं हे त्याला काम वाटत होतं आणि त्या दिवसांत ते कामच होतं. पण दाराच्या अलीकडे पडून राहणाऱ्याला ते वाक्य ऐकू येतं. नंतर नंतर ते सांगावंही लागत नसे. इराची पावलं दारापर्यंत यायची, थांबायची आणि परत जायची.

पाळी आली की मी उठून तिच्या आवडीचे पोहे करायचे. ती खायची आणि मधूनमधून माझ्याकडे पाहायची, हवामान पाहतात तसं.

देवाचा खण

सासूबाईंचं माहेर वर्धा जिल्ह्यातलं. आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोन उभ्या मूर्ती. पहिल्या दिवशी त्या येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, तिसऱ्या दिवशी जातात. जेवणाच्या दिवशी पुरणपोळी, आंबील, कढी, सोळा भाज्या, आणि शहरातल्याच दीक्षितपुऱ्यातल्यांपासून सगळे नातेवाईक. एरवी आमच्या घरात पाळीचा फार बाऊ नाही. सासूबाईंनी त्या दिवसांतही स्वयंपाकघर मला मोकळं केलं होतं. महालक्ष्म्यांना मात्र सवलत नाही. त्या तीन दिवसांत घरच्या सुनेला पाळी येता कामा नये.

त्यावर उपाय होता. देवघराखाली एक खण आहे. त्यात वाती, कापूर, अष्टगंध, आणि त्यांच्याच शेजारी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांचं पाकीट. सासूबाई ते कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून आणायच्या. चिठ्ठी लागत नाही. 'त्योहार है' म्हटलं की दुकानदार खाली वाकून पाकीट काढतो. लग्नानंतरच्या पहिल्याच भाद्रपदात त्यांनी ते माझ्या हातात ठेवलं. "घेऊन टाक. मीही घेत होती. काही होत नाही."

त्यांना खरंच काही झालं नव्हतं. त्या गोळ्यांना कापराचा वास यायचा. औषध म्हणून मी त्यांच्याकडे कधी पाहिलंच नाही. माझ्या लेखी ती सणाची तयारी होती, तांब्याची भांडी चिंचेने घासावीत तशी. महालक्ष्म्यांना एक पाकीट, दिवाळीत भाऊबीजेला सगळे जमणार म्हणून एक, कोणाचं लग्न-मुंज असेल तेव्हा एक.

गोळ्या चालू असेपर्यंत पाळी येत नाही. माझ्या बाबतीत ते वाईट दिवसही संपत नव्हते. ते लांबत आणि गडद होत. घर भरलेलं असायचं आणि त्या घरात मी तोंड वाकडं करून फिरायचे. पाहुणे जात, गोळ्या बंद होत, दोन-तीन दिवसांत पाळी येई आणि मी हसायला लागे.

"पाहुणे गेले का हिचा ताप उतरते," सासूबाई म्हणायच्या. कोणीही तेच म्हटलं असतं.

पंगतीचा दिवस

गेल्या वर्षी महालक्ष्म्या गेल्यावर लगेच सत्यनारायण ठरला. प्रशांतला बढती मिळाली होती. नातेवाईक आलेलेच होते. सासूबाईंनी दुसरं पाकीट आणलं. "पूजा होईपर्यंत चालू ठेव बाई, मध्ये अडचण नको."

सत्यनारायणाच्या दिवशी दुपारी मी पंगतीत कढी वाढत होते. प्रशांतची मावशी म्हणाली, "अवं वृंदा, जरा हसून वाढ. आम्ही काय तुझ्या दारावर वसुलीला आलो का?" सगळे हसले. तो विनोद चांगला होता. आज मलाही हसू येतं.

मी कढीचं भांडं जमिनीवर ठेवलं आणि चालू लागले. सासूबाई मागून म्हणाल्या, "पंगत जेवून राहिली अन् तू कुठं चालली? काहून वं?" मी दाराबाहेर पडले. पायात चपला नव्हत्या. अंगावर पैठणी होती आणि हात कढीने भरलेला होता.

त्या दुपारी मला जगायचं नव्हतं. कुठे आणि कसं, हे मी लिहिणार नाही. आम्ही बातमीतही ते लिहीत नाही आणि त्या नियमामागचं कारण मला त्या दिवशी कळलं. मनाला तपशील फार लवकर सापडतात. एवढंच लिहिते, की मी मुख्य रस्त्यावरून चालत होते आणि मला कुठे जायचं हे माहीत होतं.

एक ऑटो बाजूला येऊन हळू झाली. चालकाने डोकं बाहेर काढलं. "दीदी, चप्पल कहाँ है?"

मी चालत राहिले. तो तसाच माझ्या चालीने ऑटो हाकत राहिला. मागच्या गाड्या हॉर्न देत होत्या. "सड़क तप रही है, दीदी. पैर जल जाएँगे. बैठ जाओ, जहाँ बोलोगी छोड़ दूँगा."

मी खाली पाहिलं. पाय खरोखरच भाजत होते. तोवर ते मला जाणवलं नव्हतं. मी बसले. तो म्हणाला, "अब बताओ, कहाँ?" मला ठरलेली जागा सांगता येईना. परक्या माणसासमोर ती मोठ्याने उच्चारणं शक्य नव्हतं. मी घराचा पत्ता सांगितला.

जिच्या मनात हा विचार येतो तिने पाळीची वाट पाहू नये. सगळ्यात जवळ असेल त्या माणसाला तो मोठ्याने सांगावा, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मी सांगितला नव्हता. मला हॉर्नच्या गोंगाटात कोणीतरी चपलेबद्दल विचारलं, एवढाच फरक पडला. त्यावर कोणी विसंबू नये.

बाकावर

दुसऱ्या दिवशी प्रशांत मला एका मोठ्या रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात घेऊन गेला. मी कुठे निघाले होते हे त्याला माहीत नव्हतं; भरल्या पंगतीतून मी अनवाणी निघून गेले, एवढं त्याला पुरेसं होतं. सासूबाई दारात म्हणाल्या, "तिथं काहून? आपण काय पागल आहो का?" प्रशांत म्हणाला, "आई, तिच्या पायाला फोड आले आहेत." हे उत्तर नव्हतं, पण त्या बाजूला झाल्या.

ओपीडीचा दिवस असा असतो. सकाळी खिडकीवर पर्ची काढायची, बाकावर बसायचं, नाव पुकारलं की उठायचं, ते दुसऱ्याच कोणाचं निघालं की पुन्हा बसायचं. बाकावर कोणी कोणाला आजार विचारत नाही. माझ्या शेजारच्या बाईने स्वेटरचं विणकाम काढलं होतं, भर पावसाळ्याच्या उकाड्यात. तिने मला लोकरीचं एक टोक धरायला दिलं आणि ती लोकरीचा गोळा गुंडाळत राहिली. तेवढा वेळ माझ्या हाताला काम होतं.

डॉक्टर माझ्याहून वयाने लहान होत्या. मरण्याबद्दल त्यांनी सरळ विचारलं, आवाज न बदलता. मी तसंच सरळ सांगितलं. प्रशांतने ते तिथे पहिल्यांदा ऐकलं. तो खुर्चीच्या हाताकडे पाहत राहिला. डॉक्टरांनी त्याला सांगितलं, पुढचे काही दिवस मला एकटं सोडायचं नाही. मग मला विचारलं, "कोई दवा चल रही है?"

"नाही," मी म्हणाले. मी वर्तमानपत्रात काम करते. मजकूर तपासताना एकच प्रश्न मी तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारते.

त्या प्रशांतकडे वळल्या. "सर, आप बताइए. ये ठीक कब रहती हैं?"

तो म्हणाला, "मैडम, घर में हम लोग कहते हैं... मेहमान चले जाएँ तो ठीक हो जाती हैं."

मला वाटलं, आता इथेही हसतील. त्या हसल्या नाहीत. पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "मेहमान कब आते हैं?"

"त्योहार पे. पूजा में."

"और पूजा के लिए पीरियड आगे बढ़ाने की गोली लेती हैं?"

मला कापराचा वास आला. म्हणजे आठवला.

"ती औषधात धरायची असते?" मी मराठीतच बोलले. प्रशांतने भाषांतर केलं नाही. त्यांना समजलं होतं.

निदान त्या दिवशी झालं नाही. एका दिवसात ते होत नसतं. त्यांनी पुढच्या दोन पाळ्यांपर्यंत रोज संध्याकाळी, दिवस कसा गेला याच्या चार ओळी फोनमध्ये लिहायला सांगितल्या, आणि तोवर दर आठवड्याला यायला. मग त्यांनी दोन पाळीचक्रांच्या नोंदी शेजारी ठेवून मला दाखवली आणि आजाराचं नाव सांगितलं. माझे हार्मोन बिघडलेले नव्हते, म्हणून तपासण्या ठीक येत होत्या. त्यांचं नेहमीचं चढणं-उतरणं माझा मेंदू सोसू शकत नव्हता. पाळी ढकलायच्या गोळीत त्यांतल्याच एका हार्मोनसारखं द्रव्य असतं. कित्येकींना त्याने काहीच होत नाही. मला होतं.

नाव कळल्यावर हलकं वाटतं असं लोक लिहितात. मला तसं वाटलं नाही. रुग्णालयाच्या फाटकाबाहेर प्रशांतने उसाचा रस घेतला. आम्ही दोघं उभ्याने प्यायलो. तो म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं..." आणि थांबला.

दुसरी गोळी

मला नैराश्यावरची एक गोळी सुरू झाली. या आजारात ती काही बायकांना फक्त पाळीआधीचे दिवस देतात, काहींना रोज. मला रोज. सुरुवातीला मळमळायचं, तोंड कोरडं पडायचं, सकाळी डोळे उघडत नसत. ते काही आठवड्यांत कमी झालं. जोडीला समुपदेशन आणि रोजचं चालणं. प्रत्येकीचा उपचार वेगळा असू शकतो, म्हणून माझ्या गोळीचं नाव इथे देत नाही.

सासूबाईंना ही गोळी पटली नाही. "मनाच्या गोळ्यांची सवय लागते. आयुष्यभर खात बसशील का?" मी खणाबद्दल काही बोलले नाही. प्रशांतने त्यांना सांगितलं होतं. त्यानंतर आठवडाभर त्या माझ्याशी फक्त भाजीबद्दल बोलल्या.

वाईट दिवस संपले नाहीत, लहान झाले. आवाज अजून वाढतात. राग दारापर्यंत येतो, पण दार मला लावता येतं. ती थंड खात्री आलेली नाही. पहिल्यांदा ती आली नाही त्या महिन्यात मी तिची वाट पाहत बसले होते, हेही खरं आहे. बरं होताना कोणाशी बोलावं हे कळत नाही. आजारी असताना घर दूर गेलेलं असतं आणि मी बरी झाले म्हणून ते आपण होऊन जवळ येत नाही. इरा अजूनही दाराशी थांबते. मी "ये" म्हटलं तरच येते.

या वर्षी

भाद्रपद जवळ आला तशी घरात चाचपणी सुरू झाली. पाळीची तारीख नेमकी महालक्ष्म्यांच्या तोंडावर येत होती. सासूबाई डाळ निवडता निवडता म्हणाल्या, "या वर्षी काय करायचं?"

"गोळी घेणार नाही, आई."

"मी कुठं घे म्हणून राहिली? मी विचारून राहिली, का काय करायचं."

त्यांनी स्वयंपाकाला एक बाई ठरवली. महालक्ष्म्या यायच्या आदल्या दिवशी मला पाळी आली. मी कपडे, पाण्याची बाटली आणि ऑफिसचा लॅपटॉप घेऊन गच्चीवरच्या खोलीत गेले. भांडले नाही. आजाराशी भांडायचं होतं ते झालं होतं, घराशी एका वर्षात एवढंच जमलं.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी, पंगतीआधी, जिन्यातून आवाज वर येत होते. मावशीने विचारलं, "वृंदा कुठं आहे?"

सासूबाई म्हणाल्या, "भोपाळला गेली. ऑफिसचं काम निघालं."

मी टेबलाजवळची खुर्ची ओढणार होते, ती तशीच सोडली. भोपाळला असलेल्या बाईने आवाज करायचा नसतो. मी पलंगावर बसून राहिले. खाली आरती सुरू झाली. टाळ्यांत इराची टाळी ओळखू येते, ती नेहमी अर्धा ताल मागे असते.

आरतीनंतर मावशी पुन्हा म्हणाली, "बरंच झालं बाई. गेल्या वर्षी काय तोंड होतं तिचं. पाहुणे गेले का बरी होते, नाही का?"

मग सासूबाईंचा आवाज आला, नेहमीपेक्षा कोरडा. "आजारी होती ती. मीच गोळ्या देत होती. पान वाढून राहिले, बसा आता."

त्या एवढंच म्हणाल्या. माझ्याशी त्या हे कधी बोलल्या नाहीत आणि बोलतील असं वाटत नाही.

दुपारी इरा ताट घेऊन वर आली. आजीने सांगितलं असणार, म्हणून तिने ते उंबऱ्यावर ठेवलं आणि मागे सरकली. मग जिन्याकडे एकदा पाहून तिने विचारलं, "मम्मा, मूड खराब है?"

"नाही," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे हवामान पाहतात तसं पाहिलं. मग म्हणाली, "हाँ. ठीक लग रही हो," आणि तिला खालून हाक आली म्हणून ती गेली.

पोळी अजून कोमट होती. खाली पंगत बसली होती, पाहुणे संध्याकाळपर्यंत थांबणार होते, आणि मी बरी होते. मी सावकाश जेवले, वाटीचा आवाज होणार नाही असं.